एकसष्ट किलोमीटर

उद्यमनगरातून निघालो तेव्हा शटरं अजून झोपलेली.
जीपच्या मागच्या सीटवर पाण्याचा पाच लिटरचा कॅन,
फडक्यात बांधलेल्या भाकरी, खर्डा, दोन कांदे,
आणि शेजारी दस्तगीर शिकलगार,
बावीस वर्षं सौदीत पाण्याचा टँकर हाकून
गुडघे तिकडंच ठेवून आलेला.

"सर्जू, कुठंतरी मोकळं दाव," काल एवढंच म्हणाला.
"घरात भिंती लई जवळ आल्यात."

शिवाजी पुलाखाली पंचगंगा मे महिन्याची,
दगडांच्या बगलेतून अंग चोरून चाललेली.
केर्लीपर्यंत दोन्हीकडं ऊस,
इतका हिरवा
की दस्तगीरनं हाताची छत्री केली डोळ्यांवर.
वाघबिळाच्या चढाला ऊस दमला आणि खालीच थांबला.

पन्हाळ्याच्या नाक्यावर पावती फाडणाऱ्या पोरानं विचारलं,
"किल्ला बघाय?"
"न्हाई. पलीकडं."
"पलीकडं काय हाय?"
"काय न्हाई," दस्तगीर म्हणाला
आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला.

डांबर कुठं संपलं ते चाकांना आधी कळलं.
मग मसाईचं पठार.
करपलेल्या भाकरीच्या पाठीसारखा काळा-तांबडा सडा,
जांभ्याची भोकं, भोकांत धूळ,
आणि वारा असा
की बोललेलं वाक्य निम्म्यावर मोडून
उरलेलं पलीकडच्या दरीत पडायचं.
आम्ही बराच वेळ बोललो नाही,
वाया कशाला घालवा.

पुढं वाटेवर पाणी चमकलं.
माझा पाय ब्रेकवर गेला.
"चल गप," तो म्हणाला, "त्याच्या मागं मी बावीस वर्षं गेलो.
ते दमत न्हाई. आपणच दमतो."

मसाईच्या देवळाअलीकडं उतरलो.
तो कुल्ल्यावर बसला, गुडघे वळत नाहीत म्हणून,
आणि किल्लीनं माती खरवडली.
निघाला एक कंद, सुपारीहून लहान,
साल वाळलेली, नखानं दाबलं तर आत ओल.
"हे वाळवंट न्हाई रं.
हे चार महिन्यांचं सोंग हाय."
कंद जिथला तिथं ठेवून त्यानं वर टाच दाबली,
हलकेच, जसं कोणी दुसऱ्याच्या घरातलं दार लावतं.

जेवलो. कांदा बुक्कीनं फोडला.
खर्ड्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं,
खर्ड्यानंच असावं.

मग कॅनमधलं उरलेलं सगळं
त्यानं कातळाच्या एका खळग्यात ओतलं.
म्हणालो, "अरे, परत जायचंय, इंजिन तापलं तर?"
"एकशेचाळीसाव्या किलोमीटरला एक खळगा व्हता.
येता-जाता तांब्याभर ओतायचो.
फोरमननं बघितलं असतं तर पगार कापला असता."
"कोण प्यायचं?"
"कुणाला ठावं. दुसऱ्या फेरीला कोरडा असायचा.
ऊनच पीत असंल."

आम्ही वाट बघितली.
एक चंडोल उंच कुठंतरी गात होता, खाली आला नाही.
शेवटी एक गांधीलमाशी आली,
काठावर बसली, पोट हलवलं, उडाली.
दस्तगीरनं माझ्याकडं असं बघितलं
जसं कोर्टात साक्षीदार हजर झालाय.

उतरताना इंजिन तापलंच.
वाघबिळाच्या वळणावर बॉनेट उघडून उभे राहिलो,
मी तोंडातल्या तोंडात शिव्या देत,
तो फरशीवर बसून कोणत्या तरी अरबी शब्दाचा
मराठी अर्थ आठवत.
दुधाच्या टेम्पोवाल्यानं बाटलीभर पाणी दिलं.
अर्थ आठवला नाही.

केर्लीत रसवंतीचे घुंगरू.
"बिनबर्फाचा," तो म्हणाला, आणि घोट घोट घेत
ग्लासाच्या तळाला राहिलेल्या फेसाकडं बघत बसला.
त्याच्या अंगणात पोचेस्तोवर दिवेलागण झाली.
बायको दारात, भिंती जाग्यावर.
उतरण्याआधी त्यानं वाकून काटा वाचला.

"एकसष्ट," म्हणाला.
"तिकडं एवढ्यात एक वळणसुदीक येत न्हाई."